पेट्रोलवर चालणारी पाणबुडी: तेच ते प्रश्न, एकदाची उत्तरं

ब्रिटिश नौदलाच्या हॉलंड-१ पाणबुडीबद्दल मेसेज यायचे थांबत नाहीयेत. कुठलातरी फॉरवर्ड परत फिरतोय वाटतं. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करत बसण्यापेक्षा इथेच एकगठ्ठा देतो.

हॉलंड-१ ही जगातली पहिली पाणबुडी ना? आणि ती डच होती का?

दोन्हीला नाही. ती ब्रिटिश नौदलाची पहिली. अमेरिकन नौदलाने यूएसएस हॉलंड १९०० सालीच घेतली होती आणि फ्रेंचांची विजेवरची जिमनोट तर १८८८ ची. हॉलंड हे डिझाइन करणाऱ्याचं आडनाव.

ब्रिटिशांची पाणबुडी त्यांच्याच शत्रूने बनवली असं वाचलं, खरं की गप्पा?

बऱ्यापैकी खरं, पण फॉरवर्डमध्ये दिलंय तसं नाही. जॉन फिलिप हॉलंड आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातल्या लिस्कॅनरचा, पेशाने शाळामास्तर, १८७३ मध्ये अमेरिकेला गेला. तिथे फेनियन म्हणजे आयरिश बंडखोरांनी त्याला पैसे पुरवले, कारण त्यांना इंग्रजांची जहाजं बुडवायची होती, आणि त्यातून १८८१ मध्ये फेनियन रॅम ही पाणबुडी तयार झाली. मग पैशावरून आपापसात जुंपली आणि १८८३ मध्ये त्या मंडळींनी स्वतःचीच बोट रात्रीतून पळवून नेली, चालवता कोणालाच येत नव्हती ते वेगळं. हॉलंडने त्यांच्याशी संबंध तोडला. पुढे त्याचे पेटंट इलेक्ट्रिक बोट कंपनीकडे गेले आणि त्या कंपनीने ब्रिटनच्या जहाजं बांधणाऱ्या व्हिकर्स कंपनीला परवाना दिला. म्हणजे हॉलंडने काही लंडनला जाऊन बोट विकली नाही, धंदा कंपनीने केला. व्हिकर्सने बॅरोच्या गोदीत ती 'यॉट शेड' अशी पाटी लावलेल्या इमारतीत गुपचूप जोडली, २ ऑक्टोबर १९०१ ला पाण्यात सोडली. प्रोजेक्टसाठी हे वापरणार असाल तर आधी गाइडला विचारा कुठले संदर्भ चालतील. माझं नाव टाकू नका.

पेरिस्कोपमधून सगळं उलटं दिसायचं म्हणतात...

फक्त मागे बघताना. समोर बघितलं तर सरळ, बाजूला वळवलं तर चित्र आडवं, पूर्ण मागे वळवलं की जहाज उलटं लटकलेलं.

पाणबुडीत पांढरे उंदीर कशाला ठेवायचे? मांजर का नाही?

इंजिनच्या धुरातून येणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडसाठी. पेट्रोलचा वास माणसाला येतो, ह्या गॅसला वासच नाही, आणि उंदीर माणसाच्या आधी आडवा पडतो. मांजराचं मला विचारू नका.

पेट्रोल इंजिन बंद डब्यात बसवणारे लोक वेडे होते का? डिझेल का नाही वापरलं?

आता हा खरा प्रश्न, आणि इथे मी लांबण लावणार आहे, कारण दहातले नऊ जण पाणबुडी म्हटलं की बुडण्याचीच भीती धरून बसतात. ह्या बोटींमध्ये पाण्याइतकाच धोका आतल्या हवेचा होता.

आधी बोट डोळ्यांसमोर आणा. लांबी साडेएकोणीस मीटरच्या आसपास, म्हणजे दोन एसटी एकामागे एक लावल्या तर त्याहूनही थोडी कमीच. आठ माणसं. आत एकही आडवी भिंत नाही, पुढे टॉर्पेडोची नळी, खाली बॅटऱ्या, मागे १६० हॉर्सपॉवरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि ह्या सगळ्याच्या मध्ये माणसं. पाण्यावर असताना पेट्रोल इंजिन, बुडी मारली की विजेची मोटर, कारण इंजिनला हवा लागते. १९०० साली एवढ्याशा जागेत बसेल इतकं हलकं आणि भरवशाचं डिझेल इंजिन कोणाकडे तयार नव्हतं, पेट्रोलचं होतं. त्यामुळे वेडे नव्हते, हाताशी होतं ते घेतलं.

पण पेट्रोल उणे चाळीस डिग्रीलासुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, डिझेलला पन्नासच्या वर जावं लागतं. ती वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, वर जाऊन निघून जात नाही, बोटीच्या बुडाशी पाणी साचतं त्या पोकळीत, म्हणजे बिल्जमध्ये साचते, आणि हवेत साधारण दीड टक्का झाली की एका ठिणगीची वाट बघत बसते. ठिणगी कुठून येणार? त्याच डब्यात मोटर आहे, स्विच आहेत, बॅटऱ्या आहेत! मार्च १९०३ मध्ये हॉलंड-१ वरच स्फोट होऊन चार जण जखमी झाले. १६ फेब्रुवारी १९०५ ला आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदरात ब्रिटिशांच्याच ए-५ पाणबुडीने पेट्रोल भरून घेतलं आणि थोड्याच वेळात आत स्फोट, अकरापैकी सहा गेले. बोट बुडालेली नव्हती, शत्रू नव्हता, वादळ नव्हतं, बंदरात बांधलेली होती.

जपानची सहा नंबरची पाणबुडी, हॉलंडच्याच आराखड्यावर कोबेला बांधलेली, १५ एप्रिल १९१० ला हिरोशिमाच्या उपसागरात बुडाली. पेट्रोल इंजिन चालू ठेवून, हवेची नळी पाण्याबाहेर काढून अर्धवट बुडून चालायचा सराव चालू होता. बोट जास्त खोल गेली, नळीचा व्हॉल्व्ह बंद करायला गेले तर साखळी तुटली, हाताने बंद करेपर्यंत पाणी आत. तळाशी गेल्यावर बोटीचा कप्तान लेफ्टनंट साकुमाने वहीत पेन्सिलीने सगळं लिहून ठेवलं, अपघात कसा झाला, काय काय करून पाहिलं. शेवटाकडे तो लिहितो की पेट्रोलच्या वाफेने गुंगी येतेय, आणि मग वेळ, १२ वाजून ४० मिनिटं. चौदाच्या चौदा गेले.

आणि मला चीड कशाची येते सांगू? उशिराची. फ्रेंचांची एग्रेट पाणबुडी १९०४ मध्येच डिझेलवर आली होती. ब्रिटिशांनी स्वतः ए-१३ बोटीत जड तेलाचं (डिझेलसारख्या, सहज पेट न घेणाऱ्या तेलाचं) इंजिन बसवून बघितलं होतं, तरी नंतरच्या सी क्लासच्या अडतीस बोटी १९१० पर्यंत पेट्रोलवरच बांधत राहिले आणि त्यातल्या कित्येक पहिल्या महायुद्धातही पेट्रोलवरच फिरल्या. डिझेल नीट आलं ते त्यानंतरच्या डी क्लासच्या बोटींपासून.

काका, मुलाला छोटं पेट्रोल इंजिन बसवून पाणबुडीचं मॉडेल करायचंय, सोसायटीच्या टाकीत टेस्ट केलं तर चालेल का? पेट्रोलचा कॅन गॅलरीत झाकून ठेवलाय.

नाही. बॅटरीवर करायला सांगा आणि तेही कॉलेजच्या सरांना दाखवून. वरचं उत्तर वाचून झाल्यावर कॅन घरात का ठेवलाय ते मला कळवा. पेट्रोल किती आणि कुठे ठेवता येतं हे फायर ब्रिगेडला विचारा, शेजाऱ्याला नको.

दुकानात शटर खाली करून जनरेटर लावतो, दोन आठवडे डोकं दुखतंय. तुमचा उंदरांचा किस्सा वाचून शंका आली.

दोन आठवडे?! आजच बंद करा. दारं उघडी टाका, डॉक्टरकडे जा आणि जनरेटरचं मुद्दाम सांगा, नाहीतर पित्ताची गोळी घेऊन परत याल. मग जनरेटर बाहेर कुठे आणि कसा बसवायचा ते इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. मी पाणबुड्यांवर लिहितो, तब्येतीचं मला विचारून वेळ घालवू नका.

ऑनलाइन 'ओरिजिनल हॉलंड-१ ची पितळी पाटी, सर्टिफिकेटसहित' अठरा हजारांना मिळतेय. घेऊ का?

सर्टिफिकेट कोणी दिलं? विकणाऱ्यानेच ना? जरा इतिहास बघा. १९१३ मध्ये नौदलाने ती बोट ४१० पौंडांना भंगारात काढली, ओढून नेताना वादळात एडीस्टोन दीपगृहाजवळ बुडाली, १९८१ ला सापडली, १९८२ ला वर काढली आणि तेव्हापासून गॉसपोर्टच्या रॉयल नेव्ही सबमरीन म्युझियमकडे आहे. मधली जवळजवळ सत्तर वर्षं ती समुद्राच्या तळाशी होती, तर तुमच्या विक्रेत्याकडे चकचकीत पाटी आली कुठून? पितळेवर ॲसिड मारून 'जुनं' करणं हा रोजचा धंदा आहे. तरी मन मानत नसेल तर फोटो म्युझियमला ईमेल करा, त्यांचं उत्तर येईपर्यंत एक रुपया देऊ नका. 'आज रात्री ऑफर संपतेय' असं म्हणाला तर समजून जा.

भारताकडे पेट्रोलची पाणबुडी होती का?

नाही. आपली पहिली आयएनएस कलवरी ८ डिसेंबर १९६७ ला दाखल झाली, रशियन बनावटीची, डिझेल-इलेक्ट्रिक. आतून पाणबुडी बघायची असेल तर विशाखापट्टणमला म्युझियम केलेली आयएनएस कुरसुरा आहे.

मुलाकडे लंडनला जातोय, हॉलंड-१ बघता येईल का?

येईल. पोर्ट्समथ हार्बर स्टेशनला उतरा, शेजारून गॉसपोर्टची फेरी घ्या, म्युझियम पलीकडेच. एका वेगळ्या इमारतीत ठेवलीय, त्याचंही कारण आहे. वर काढून लोकांसमोर ठेवली खरी पण लोखंडात मुरलेलं मीठ निघालंच नव्हतं, गंज आतून परत सुरू झाला, शेवटी काही वर्षं सोडियम कार्बोनेटच्या टाकीत बुडवून ठेवावी लागली आणि मग कोरड्या हवेची इमारत बांधली. गुडघे धड नसतील तर आत वाकून शिरायचं आधी डॉक्टरांना विचारा. आणि त्या दिवशी ती बोट उघडी आहे का हे निघण्याआधी म्युझियमला विचारून घ्या, मुलाच्या मित्राने सांगितलं म्हणून जाऊ नका.