आंतरतारकीय ढगाचं पहिलं मॉडेल करताना वैश्विक किरणांकडे नीट पाहा

दाट ढगात ताऱ्यांचा अतिनील प्रकाश पोचत नाही, मग १० केल्विनच्या थंडीत रसायनं घडतात कशी? सुरुवात वैश्विक किरणांपासून, म्हणजे अवकाशातून प्रचंड वेगाने येणाऱ्या भारित कणांपासून होते. किरण हायड्रोजन रेणूतला इलेक्ट्रॉन उडवतो, तो आयन शेजारच्या रेणूला धडकतो आणि तीन प्रोटॉनांचा ट्रायहायड्रोजन आयन तयार होतो. हा आपला प्रोटॉन उदारपणे वाटतो: कार्बन मोनॉक्साइडला दिला की फॉर्मिल आयन, ऑक्सिजन अणूला दिला की पाण्याकडे जाणारी साखळी.

आधी हाताने गणित करा. आयनीकरणाचा दर सेकंदाला १०⁻¹⁷ धरा, म्हणजे एका रेणूची पाळी सुमारे ३ अब्ज वर्षांतून एकदा. या दराला ट्रायहायड्रोजन आयन आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या अभिक्रियेचा दर (२×१०⁻⁹ घन सेंमी प्रति सेकंद) आणि कार्बन मोनॉक्साइडचं हायड्रोजन रेणूंशी प्रमाण (१०⁻⁴) यांच्या गुणाकाराने भागा. उत्तर येतं घन सेंटिमीटरमागे ५×१०⁻⁵ ट्रायहायड्रोजन आयन. गंमत बघा, यात ढगाची घनता कुठेच नाही! मॉडेलचा आकडा दुप्पट किंवा निम्मा आला, तर आधी हे तपासा: आयनीकरणाचा दर हायड्रोजन अणूमागे दिलाय की रेणूमागे? इथे सुमारे दुप्पट फरक पडतो, आणि नवखे हमखास इथेच अडकतात.

विरळ ढगात मात्र हे सूत्र वापरू नका. तिथे आयन मुख्यतः इलेक्ट्रॉन गिळतात, शिवाय आयनीकरणाचा दरही सहसा जास्त असतो.

किरणांनी उत्तेजित हायड्रोजन ढगाच्या आतच अतिनील प्रकाश सोडतो. त्या प्रकाशाने होणारी प्रकाशविघटनं, म्हणजे रेणूंचं तुटणं, मॉडेलमधून वगळू नका.