गुहागरजवळ दीड गुंठ्यात घर बांधायचं आहे. भूखंडाच्या आकारानुसार बांधकाम परवानगीचा अर्ज कोणत्या वर्गात जाईल?

तुमचा अर्ज बहुतेक मध्यम जोखमीच्या वर्गात जाईल. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतचे भूखंड कमी जोखमीचे, १५० ते ३०० मध्यम. त्यापुढे नगररचनेकडची नेहमीची छाननी. कमी जोखमीत नकाशा आणि शुल्क भरल्याची पावती दिली की काम सुरू करता येतं. मध्यममध्ये परवानाधारक अभियंत्याने प्रमाणित केलेली कागदपत्रं देऊन परवानगी घ्यावी लागते. मी इथे घरांचेच नकाशे करतो, म्हणून सांगतो, सातबारा नीट वाचा. खरा दीड गुंठा साधारण १५२ चौरस मीटर भरतो, पण उताऱ्यावर ०.०१.५० (हेक्टर, आर, चौरस मीटर) असेल तर ते बरोबर १५०. दोन चौरस मीटरांवर वर्ग बदलतो! एक मात्र आहे: जागा सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, असेल तर नुसत्या आकारावर भागत नाही. किनाऱ्यावरच्या कमी लोकवस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र असतं. हे अंतर पुळणीवरून पावलांनी मोजू नका, मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर तुमचा गट नंबर शोधा. खाडीकाठालाही सीआरझेड लागतो, अंतर वेगळं.