निवाऱ्यात नव्याने रुजू होणाऱ्याला

निवाऱ्यात आलेल्या मुलाला पहिल्या रात्री काही विचारू नकोस. जेवण, कोरडे कपडे, अंथरूण, आणि दिव्याचं बटण कुठे आहे ते दाखव, बस. झोपायचा आग्रहही नको. कित्येकांना अंधाराची आणि बंद दाराचीच धास्ती असते.

उशीखाली पावाचे तुकडे सापडतील. मी सुरुवातीला ते गुपचूप फेकून दिले होते, तर त्या पोराने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. आता मी झाकणाचा डबा देते, त्याचा स्वतःचा.

‘कुणाला सांगणार नाही ना?’ हे कधीतरी विचारलं जाणारच. तेव्हा खोटं वचन देऊ नकोस. ‘तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला कळवेन,’ एवढंच म्हण. मग ऐक. ‘त्यानेच मारलं ना?’ असं तोंडात शब्द घालणं टाळ, पुढे जबाब कच्चा पडतो. नंतर लगेच त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेव.

मिसरूड फुटलेल्यांचं वेगळंच. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारानुसार साधारणपणे 18 वर्षांखालचे सगळे मूलच, पण उंच पोरगा दिसला की मोठी माणसंही हे विसरतात. ही मुलं निघून जातात, परत येतात. परत आल्यावर ‘कुठे होतास?’च्या आधी ‘जेवलास का?’ विचार. आणि त्यांची कागदपत्रं, बँक खातं, पुढची राहायची सोय सोळाव्या वर्षापासूनच बघायला घे. निवारा सोडायच्या शेवटच्या महिन्यात धावाधाव करून काही जमत नाही.