ग्रुप मेडिक्लेमचा, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या एकत्रित आरोग्य विम्याचा, ब्रोकर आमच्याकडून एक रुपया घेत नाही. मग त्याला काय सुटतं? यात 'कट' असतो का?

कमिशन असतंच, आणि ते तुमच्याच प्रीमियममधून जातं. पैसे विमा कंपनी देते म्हणून ब्रोकर फुकट वाटतो, एवढंच. मी जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. 21,000 पर्यंत पगारवाले ईएसआयसीत (सरकारी कामगार विमा योजनेत), वरच्यांना ग्रुप मेडिक्लेम. त्याचं रिन्यूअल दरवर्षी माझ्याच गळ्यात.

कमिशन घेणं बेकायदेशीर नाही. पूर्वी अशा पॉलिसीवर 7.5 टक्क्यांची मर्यादा होती. एप्रिल 2023 पासून आयआरडीएआयने (विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाने) प्रकारवार मर्यादा काढून विमा कंपनीच्या एकूण खर्चावर मर्यादा ठेवली. त्यामुळे तुमच्या पॉलिसीवर किती गेलं, हे विचारल्याशिवाय कळत नाही. रावेरच्या केळीवाल्याला दलाली न् कटती तोंडपाठ असते, आपल्या एचआरला ब्रोकरचं कमिशन माहीत नसतं!

खरी गोम कमिशनशिवाय विमा कंपनीकडून मिळणाऱ्या वरच्या पैशात. अमेरिकेत 2004 साली न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी मार्श या बड्या ब्रोकरवर दावा लावला. आरोप असा, की जादा बोनस देणाऱ्या कंपनीकडे गिऱ्हाईक वळवायचं आणि बाकीच्यांकडून मुद्दाम चढे, दाखवण्यापुरते कोट (प्रीमियमचे भाव) आणायचे. 2005 मध्ये मार्शने 85 कोटी डॉलरवर तडजोड केली. कर्मचाऱ्यांच्या विम्यातल्या युनिव्हर्सल लाइफ रिसोर्सेस या ब्रोकरवरही 2004 मध्येच दावा झाला होता.

म्हणून ब्रोकरकडून कंपन्यांच्या भावांच्या तुलनेचा तक्ता आला की मी आधी हरलेल्या कंपन्यांचे रकाने बघतो. 'डिक्लाइन', म्हणजे कंपनीने नकार दिला, असं लिहिलंय? त्या कंपनीचा मूळ मेल दाखवा. कोट आहे? आपल्या आधीच्या क्लेमच्या कोणत्या आकड्यांवर? मागे आमच्या तक्त्यात एका कंपनीला प्रसूतीची मर्यादा 50,000 धरून भाव विचारला होता, दुसरीला 75,000 धरून. दुसरी महागच पडणार ना भाऊ! ब्रोकर म्हणे, टायपिंगची चूक. असेलही.

तुम्ही कमिशन आणि त्यावरचं जे काही मिळतं ते, दोन्ही मेलवर विचारा. एजंट विमा कंपनीचा माणूस, ब्रोकर मात्र नियमाने तुमचा. त्याला उत्तर द्यायला जड जाऊ नये. टाळाटाळ केली तर मँडेट लेटर (आपल्या वतीने काम करायचं अधिकारपत्र) दुसऱ्या ब्रोकरला देता येतं, तेही पॉलिसी संपायच्या दोनेक महिने आधी द्या, म्हणजे नव्याला कोट आणायला वेळ मिळतो. आणि 'कमिशनमधलं थोडं तुम्हाला परत देतो' म्हणाला तर हात जोडा. विमा कायदा 1938, कलम 41 प्रमाणे ते बंद आहे, दंड 10 लाखांपर्यंत.