सेकंड जनरेशन आय३ वर विंडोज ११ टाकू का? – आधी हार्डडिस्क बदला भाऊ

भाऊ, दारव्ह्याकडे ऑनलाइन फॉर्मचं दुकान, सेकंड जनरेशन इंटेल आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, जुनी ५०० जीबी हार्डडिस्क, विंडोज ७, आणि आता डायरेक्ट ११ टाकायचं म्हणता. नका टाकू.

११ ले टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते आणि इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा प्रोसेसर लागते. रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने विंडोजचा पेनड्राइव्ह बनवून ही अट चुकवता येते, पोरं सर्रास करून देतात, चालते पण, फक्त दरवर्षीचं मोठं अपडेट त्याले आपोआप येत नाही, म्हणजे पुन्हा तोच कुटाणा. घरच्या मशीनवर करा, पीकविम्याच्या शेवटच्या तारखेले दुकानात रांग लागते त्या मशीनवर नको. (त्याहून जुन्या कोर टू ड्युओ प्रोसेसरवाल्यांनी तर नादच सोडा, ११ च्या २४एच२ व्हर्जनपासून ते चालूच होत नाही.)

७ वर राहणंही बरोबर नाही. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लेच संपला, क्रोम १०९ वर अटकलं, साइटा एकेक करून बंद पडून राहिल्या.

खरं दुखणं वेगळंच आहे, ती फिरती हार्डडिस्क. तिच्या जागी २.५ इंची साटा एसएसडी टाका, म्हणजे चिपवाली, न फिरणारी डिस्क. तुमच्या बोर्डावर साटा-२ (डिस्क जोडायचं जुनं, हळू कनेक्शन) असन तरी फरक पडत नाही, मशीन चालू करून चहा घेऊन याची सवय सुटते. रॅम डीडीआर३ ची अजून एक ४ जीबीची पट्टी. उघडलंच आहे तर धूळ काढा आणि प्रोसेसरची पेस्ट बदला, आपल्याकडे मे महिन्यात काय हाल होते ते माहीतच आहे.

त्यावर विंडोज १०, ६४ बिट, कोरं इन्स्टॉल. तुमचं ७ जर ३२ बिटचं असन तर वरच्यावर अपग्रेड करून ६४ होतच नाही, आणि ३२ वर ४ जीबी रॅमसुद्धा पूर्ण वापरली जात नाही. ७ ची की १० ले चालायची ती सोय २०२३ मध्ये बंद झाली, पण या बोर्डावर आधी कधी १० ॲक्टिव्ह झालं असन तर डिस्क बदलली तरी ते आपोआप ॲक्टिव्ह होते, नाहीतर लायसन्स घ्या. १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ले संपला, पण १० च्या शेवटच्या २२एच२ व्हर्जनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने ईएसयू (वाढीव सिक्युरिटी अपडेटची सोय) घेतलं तर सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत येतात. त्यानंतर जुनं आठव्या जनरेशनचं आय५ पाहा, एसएसडी त्यातही लागते, पैसे वाया जात नाहीत.

विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम सुचवणारे येतीलच, मीही घरी तेच वापरून राहिलो, मिंट २२ ले २०२९ पर्यंत अपडेट आहे. पण तुमचं फिंगरप्रिंट मशीन, डीएससी टोकन (डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह) आणि कॅनन २९०० प्रिंटर असन तर त्याचा ड्रायव्हर, या तिघांपायी दुकानात मिंटचं डोकं लावू नका राजेहो.

विंडोजची फाइल ५-६ जीबीची आहे, रोजच्या दीड जीबी पॅकात बसत नाही, तालुक्याले फायबर असलेल्या कोणाकडून पेनड्राइव्ह भरून आणा. फॉर्मॅटच्या आधी कृतिदेवचे फॉन्ट, डेस्कटॉपवरची पावत्यांची फोल्डरं आणि क्रोममधले पासवर्ड काढून ठेवा, पासवर्ड लोक हमखास विसरतात. जुनी डिस्क महिनाभर तशीच राहू द्या, पुसू नका. आणि लाइन जाते तर इन्व्हर्टरवर घेऊनच सुरू करा.

फिंगरप्रिंट मशीनचं मॉडेल इथं टाका, त्याची आरडी सर्व्हिस (आधारसाठी अंगठा घेणारं त्याचं सॉफ्टवेअर) १० वर चालते का ते पाहून सांगतो, तोवर एसएसडी घेऊ नका.