ससा, खार आणि बोथट बाण : तिरंदाजीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नोव्हेंबरात मुलाकडे विस्कॉन्सिनला चाललो आहे. तिथे परवाना काढून ससे आणि खारींची शिकार करता येते, असं तो म्हणतो. माझा लाँगबो (लांब, साधं धनुष्य) 28 इंच खेचीला, म्हणजे दोरी तेवढी मागे ओढल्यावर, 45 पौंडांचा आहे; माझी खेच 27 इंच. घरी 28 इंच लांबीचे, 500 स्पाइनचे कार्बन बाण आहेत. टोकं 125 ग्रेन वजनाची, अणकुचीदार. हेच नेले तर चालतील का? – वाचक, कर्वेनगर

उत्तर : टोकं तर नक्की बदला. सरावाचं अणकुचीदार टोक सशाच्या अंगात बारीक भोक पाडून आरपार जातं. ससा तसाच पळत बिळात शिरतो, तिथे तडफडून मरतो आणि तुमच्या हाती काहीच लागत नाही. लहान जनावरासाठी बोथट टोक वापरतात, म्हणजे ब्लंट. त्याचा पुढचा भाग सपाट असल्यामुळे बाणाचा सगळा जोर अंगावरच बसतो आणि नेम बरोबर असेल तर जनावर जागच्या जागी मरतं. रबरी ब्लंट सरावाला उत्तम, पण खार दिसते त्यापेक्षा खूप चिवट असते आणि तुमच्या ताकदीच्या धनुष्याला रबर कमी पडू शकतं. पोलादी ब्लंट घ्या. गवतात किंवा पालापाचोळ्यात नेम धरायचा असेल तर जुडो पॉइंट बरा. त्याला चार बाजूंना तारेचे स्प्रिंगदार हात असतात, ते गवतात अडकतात आणि बाण गवताखाली सरपटत जाऊन हरवत नाही.

आता स्पाइन, म्हणजे शाफ्टचा (बाणाच्या काडीचा) ताठपणा. 27 इंचांवर तुमचं धनुष्य साधारण 42 पौंडच देतं, कारण खेच एक इंच कमी झाली की दोन-तीन पौंड घटतात. निवड करताना हा 42 चा आकडा धरा, धनुष्यावर लिहिलेला 45 नव्हे. इथे बहुतेकांची गल्लत होते ती आकड्यांमुळे. कार्बनमध्ये आकडा जितका मोठा, तितका शाफ्ट लवचीक. लाकडात उलट, आकडा मोठा तर शाफ्ट ताठ. कार्बनचा शाफ्ट 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवून मधोमध 1.94 पौंडांचं वजन टांगतात. तो अर्धा इंच वाकला तर 500 स्पाइन. लाकडाला टेकूंमधलं अंतर 26 इंच, वजन 2 पौंड, आणि 26 ला वाकाच्या इंचांनी भागून उत्तर पौंडांत. चाचण्याच वेगळ्या, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही.

लाँगबोमध्ये बाणाची बैठक, म्हणजे मुठीवर बाण टेकतो ती खाच, बहुधा मध्यरेषेपर्यंत कापलेली नसते. सुटताना बाणाला वाकून मुठीला वळसा घालावा लागतो, आणि फार ताठ बाण ते करू शकत नाही. 28 इंचांवर कापलेला, पुढे 125 ग्रेन असलेला तुमचा 500 चा बाण या धनुष्याला ताठच पडणार. 600 चे शाफ्ट घ्या आणि आधी पूर्ण लांबीचेच ठेवा. नवे घ्यायचे नसतील तर आहेत त्यांच्यावर 175 ते 200 ग्रेनचे ब्लंट लावून पाहा. पुढचं वजन वाढलं की शाफ्ट जास्त वाकतो. लाकडी हवे असतील तर 40 ते 45 पौंड स्पाइनचे, पोर्ट ऑरफर्ड सीडरचे घ्या. ब्लंट 125 ग्रेनपेक्षा जड असेल तर 45 ते 50 चे. एकूण बाणाचं वजन धनुष्याच्या दर पौंडामागे 9-10 ग्रेन, म्हणजे तुम्हाला 380 ते 420 ग्रेन, साधारण 25 ते 27 ग्रॅम. पौंडामागे आठ ग्रेनच्या खाली मुळीच उतरू नका; हलक्या बाणाने न वापरलेली ताकद धनुष्यालाच सोसावी लागते.

पंख पिसांचेच हवेत. प्लास्टिकचे व्हेन बैठकीला घासून बाण भिरकावतात. जमिनीवरच्या सशासाठी चार-पाच इंचांची तीन पिसं पुरतात. झाडावरच्या खारीसाठी मात्र फ्लू-फ्लू बाण न्या. त्याला पूर्ण उंचीची, न छाटलेली चार ते सहा पिसं असतात, त्यामुळे तीसेक मीटरनंतर त्याचा वेग झपाट्याने पडतो. वर मारलेला साधा बाण हुकला तर शंभर मीटरपलीकडे कुणाच्या अंगणात पडेल याचा भरवसा नाही.

अंतराचा नियम स्वतःशी कडक ठेवा. ज्या अंतरावरून पाचपैकी पाच बाण पेरूएवढ्या लक्ष्यावर बसतात, तेवढंच तुमचं अंतर. नवख्याला ते दहा-बारा मीटरच निघतं, आणि त्यात कमीपणा नाही. सराव त्याच टोकांनी, त्याच बाणांनी करा. ब्लंट लावला की बाण पडण्याची जागा बदलते. झाडावर आपटलेला कार्बन बाण पुन्हा लावण्याआधी दोन्ही हातांनी वाकवून, पीळ देऊन पाहा, कानाशी धरून चर्रर्र आवाज येतो का ऐका. चिरलेला बाण सुटताना फुटला तर त्याच्या काड्या हातात घुसतात.

विस्कॉन्सिनमध्ये 1 जानेवारी 1973 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी शिकारी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. तुम्हाला लागू आहे का, हे मुलाला आधीच पाहायला सांगा. विमानात धनुष्यबाण केबिनमध्ये चालत नाहीत, चेक-इन सामानातच द्या.

प्रश्न : सासवडजवळ आमच्या शेतात ससे भाजीची नासाडी करतात. बंदूक नाही, नुसता ब्लंट बाण मारला तर? – वाचक, सासवड

उत्तर : नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार बंद आहे. हत्यार कोणतं आणि जमीन कुणाची याने काही फरक पडत नाही. कायद्याच्या व्याख्येत मारणं तर येतंच, शिवाय जखमी करणं, सापळा लावणं आणि मारण्याचा नुसता प्रयत्नसुद्धा शिकारच. वाफ्याभोवती दोन-अडीच फूट उंच बारीक जाळी लावा आणि तिचा खालचा वीतभर भाग मातीत पुरा. उकरून आत शिरणं थांबतं. नुकसान मोठं असेल तर वन परिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या.

प्रश्न : लाकडी बाण स्वतः बनवतो. पावसाळ्यानंतर सगळे डावीकडे जायला लागले. स्पाइन बिघडला का? – वाचक, वारजे

उत्तर : लाकूड दमटपणाने वाकतं, म्हणून आधी सरळपणा पाहा. बाण सपाट काचेवर घरंगळवा. जिथे उजेडाची फट दिसेल तिथे कापडाने घासून शाफ्ट गरम करा, उलट बाजूला हलकेच दाबा आणि थंड होईपर्यंत धरून ठेवा. नॉकची, म्हणजे दोरीत अडकणाऱ्या मागच्या टोकाची, खाच लाकडाच्या रेषांना आडवी आहे ना, हेही तपासा. खाच रेषांना समांतर असेल तर शाफ्ट तिथूनच चिरतो.

मग बिनपिसांचा एक बाण बारा-पंधरा मीटरवरून मारा. उजव्या हाताने खेचणाऱ्याचा असा बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे पडला तर तो ताठ, उजवीकडे पडला तर लवचीक. ताठ असेल तर टोक 25 ग्रेनने वाढवा. लवचीक असेल तर पुढून एका वेळी सहा मिलिमीटरच कापा. कापलेलं परत येत नाही. पण निकाल देण्याआधी बैठकीवर थोडी टाल्कम पावडर टाकून एक बाण सोडा. पावडरीत ओरखडे दिसले तर बाण बैठकीला घासतोय, आणि लवचीक बाणही अशा वेळी ताठ असल्यासारखा डावीकडे जातो. बाण दोरीला काटकोनात बसतो त्या जागेपेक्षा नॉकची जागा अर्धा इंच वर ठेवून पुन्हा पाहा. बरेचदा दोष इथेच सापडतो, आणि उगाच कापलेले बाण वाया जातात.

पुढच्या जूनआधी शाफ्टला पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात द्या, कापलेल्या टोकांना विसरू नका. बाण भिंतीला टेकवून न ठेवता टांगून ठेवा. भिजलेली पिसं चोळून पुसू नका. किटलीच्या वाफेवर धरली की पुन्हा उभी राहतात.

प्रश्न : वेताळ टेकडीवर जुन्या बुंध्यांवर ब्लंट मारण्याचा सराव करता येईल का? – वाचक, पाषाण

उत्तर : तिथे नको. टेकडीवर सकाळ-संध्याकाळ माणसं फिरतात, मोर असतात आणि आडोशामागून कोण येईल ते दिसत नाही. जुडो बाण दगडावरून कुठेही उसळतो. ओळखीच्या कुणाची जमीन असेल तर परवानगी घ्या, मागे मातीचा उंच बांध असलेली जागा निवडा, आणि पोत्यात नारळाचा काथ्या व जुने कपडे घट्ट कोंबून वेगवेगळ्या अंतरांवर ठेवा. दर बाणाआधी अंतर मनात ठरवा आणि नंतर पावलांनी मोजा. डोळ्यांनी अंतर ओळखायला शिकवणारा याहून चांगला सराव नाही.