बेचाळिसाव्या वर्षी वकील व्हायचे आहे. बारावी टाळता येईल का?

पत्र थोडक्यात असे: ‘आई ४२ वर्षांची आहे. १९९९ साली दहावी उत्तीर्ण झाली, अकरावीत असतानाच लग्न झाले. गेली ११ वर्षे ती तालुक्याच्या न्यायालयाबाहेर टंकलेखन करते. तिला वकील व्हायचे आहे. एवढ्या वयात बारावी तिला झेपणार नाही, असे आम्ही घरच्यांनी ठरवले आहे. बारावीशिवाय मुक्त विद्यापीठाची पदवी मिळवून देतो आणि त्यावर एलएल.बी. होते, असे एक एजंट सांगतो. कोणती पदवी सोपी पडेल?’

तुमचे दोन पानी पत्र मी दोनदा वाचले. त्यात ‘आम्ही ठरवले’, ‘बाबांना वाटते’, ‘मामांचे मत आहे’ असे पुष्कळ आहे. आईंचे म्हणणे मात्र एकाच ओळीत आहे, आणि तीही तुम्ही लिहिलेली नाही. दुसऱ्या पानाच्या समासात पेन्सिलने, निराळ्या अक्षरात, ‘बारावीला गणित घ्यावेच लागते का?’ असे विचारले आहे. ज्यांना बारावी झेपणार नाही असे तुम्ही सर्वांनी मिळून ठरवले, त्या आईच बारावीच्या विषयांची चौकशी करत आहेत, हे पत्र पाकिटात घालताना तुमच्या लक्षात आले नाही काय? वाटणीपत्राच्या मसुद्यात वकिलांच्या नजरेतून सुटलेला गट क्रमांकाचा घोळ आईंनी सातबारा पाहून दुरुस्त करून घेतला, हा प्रसंग तुम्ही गंमत म्हणून लिहिला आहे. मला त्यात गंमत दिसली नाही, पात्रता दिसली. पालक मुलांचे परस्पर ठरवतात ही तक्रार मी नेहमी ऐकतो. मुलाने आईचे परस्पर ठरवल्याचे पत्र प्रथमच आले.

आता त्या एजंटाविषयी. बारावी नसताना पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून मुक्त विद्यापीठाच्या पदवीला प्रवेश घेण्याची वाट अनेकांनी वापरली आहे, आणि इतर काही कामांसाठी ती पदवी उपयोगी पडतही असेल. वकिलीसाठी मात्र ती चालत नाही. वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतील पाचव्या नियमाच्या स्पष्टीकरणात असे म्हटले आहे की, त्या शिक्षणासाठी लागणारी मूळ पात्रता नसताना ज्यांनी मुक्त विद्यापीठ पद्धतीने थेट बारावी किंवा पदवी मिळवली, ते विधी अभ्यासक्रमाच्या प्रवेशास पात्र नाहीत. म्हणजे आईंनी तीन वर्षे खर्चून पदवी घ्यायची आणि विधी महाविद्यालयाच्या खिडकीवर कागदपत्रे तपासताना ‘बारावीची गुणपत्रिका कुठे आहे?’ या प्रश्नापाशी थांबायचे. तोवर एजंटाचे पैसे वसूल झालेले असतील. यात मुक्त विद्यापीठाचा काही दोष नाही. रीतसर बारावी होऊन तेथूनच घेतलेल्या पदवीला ही हरकत लागू होत नाही.

तेव्हा बारावी टाळू नका. राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज भरून खाजगी विद्यार्थी म्हणून कला शाखेतून त्यांना थेट बारावीला बसता येईल. त्यानंतर नोकरी सांभाळून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची बी.ए. आणि मग सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचे एलएल.बी. करावे. खुल्या प्रवर्गाला पदवीला किमान ४५ टक्के गुण लागतात, हे लक्षात ठेवावे. बारावीनंतर पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला गेल्यास एक वर्ष वाचते, परंतु त्यासाठी पाचही वर्षे नियमित वर्गात बसावे लागेल. वयाची धास्ती नको. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी २० आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ३० ही जी मर्यादा लोक सांगत असतात, ती लागू करणाऱ्या परिपत्रकाला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्थगिती दिली आहे.

एलएल.बी. घरबसल्या होत नाही. दूरशिक्षणाने घेतलेल्या विधी पदवीवर वकिली करण्याची सनद मिळत नाही आणि वर्गातील ७० टक्के उपस्थिती आवश्यक असते. त्या तीन वर्षांत आईंचे उत्पन्न घटेल आणि सकाळचा डबा दुसऱ्या कोणाला करावा लागेल. घरच्यांना बैठक घेऊन काही ठरवायचेच असेल, तर हे ठरवावे.

यापुढचे आईंसाठी. ताई, कला शाखेत गणित घ्यावे लागत नाही. इंग्रजी मात्र अनिवार्य आहे, आणि २६ वर्षांच्या खंडानंतर खरी मेहनत त्याच विषयाला लागेल. रोज अर्धा तास आतापासून द्या. १७ नंबरचा अर्ज साधारणपणे जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतो, त्याआधी शाळा सोडल्याचा मूळ दाखला शोधून ठेवा. दहावीच्या प्रमाणपत्रावर तुमचे माहेरचे नाव असेल आणि आधार कार्डावर सासरचे, तर नावातील बदलाची कागदपत्रेही आधीच जुळवून घ्या. ‘सदर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ हे वाक्य तुम्ही आजवर दुसऱ्यांसाठी कितीदा टंकलिखित केले असेल, ते तुम्हालाच ठाऊक.